मोबाइलला फुल्ल रेंज, तरी नेट का चालत नाही? शंभर वर्षं जुनं ‘रांगेचं गणित’ काय सांगतं?

जुलैमधला रविवार. पुण्याहून ताम्हिणी घाटाकडे निघालेल्या गाड्यांची रीघ लागलेली असते. मुळशी धरणाच्या परिसरातल्या माले गावाजवळ कुणीतरी भजी-चहासाठी गाडी थांबवतं, धबधब्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकायला मोबाइल काढतं. वर रेंजच्या चारही काड्या दिसतात, पण व्हिडिओचं गोल चक्र फिरतच राहतं. फोन लावला तर ‘सर्व लाइन्स व्यस्त आहेत’. तोच फोन, तोच टॉवर, आणि मंगळवारी दुपारी मात्र सगळं सुरळीत.

काड्या खोटं बोलत नसतात. त्या फक्त एवढंच सांगतात, की टॉवरचा आवाज मोबाइलपर्यंत नीट पोचतोय. पुढे किती जण आहेत आणि नंबर कधी लागेल, हे त्या सांगत नाहीत. रविवारचा प्रश्न सिग्नलचा कमी आणि रांगेचा जास्त असतो. पर्यटकाचा व्हिडिओ अडकला तर फार काही बिघडत नाही. पण त्याच टॉवरवरून गावातल्या कुणाला १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवायची असते, कुणाला मालाचे पैसे ऑनलाइन घ्यायचे असतात, कुणाचा मुलगा परीक्षेचा फॉर्म भरत असतो.

अशा रांगा मोजण्यासाठी गणिताची एक वेगळी शाखा आहे. तिचं नाव क्यूइंग थिअरी, म्हणजे रांगांचं गणित. टेलिफोन एक्स्चेंजपासून आजच्या फाइव्ह-जीपर्यंत कुठल्याही नेटवर्कची क्षमता ठरवताना हे गणित लागतंच.

आधी गिरणीत जाऊ

गावातली पिठाची गिरणी डोळ्यासमोर आणा. गिरणी एक, आणि ओट्यावर डब्यांची रांग. एक डबा दळायला सरासरी ६ मिनिटं लागतात, म्हणजे तासाला १० डबे ही गिरणीची ताकद. डबे कधीही येतात, ठरवून येत नाहीत. कुणाचा डबा दोन किलोचा, कुणाचा दहा किलोचा.

आता तासाला सरासरी ५ डबे येत असतील, तर डबा ठेवल्यापासून पीठ हातात पडेपर्यंत सरासरी १२ मिनिटं लागतात. ८ डबे येऊ लागले की अर्धा तास. ९ डबे आले की एक तास. आणि तासाला साडेनऊ, म्हणजे दोन तासांत १९ डबे यायला लागले, की तब्बल दोन तास.

इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. आठाचे नऊ झाले, म्हणजे काम जेमतेम बारा टक्क्यांनी वाढलं, पण वेळ दुप्पट झाला. नवाचे साडेनऊ झाले आणि वेळ पुन्हा दुप्पट. गिरणी मात्र दहाच्या आतच काम करतेय. कागदावर बघितलं तर अजूनही ५ टक्के क्षमता शिल्लक आहे!

यामागचं सूत्र अगदी छोटं आहे. ताकदीतून येणारं काम वजा करायचं आणि १ ला त्या उरलेल्या आकड्याने भागायचं. १० वजा ९ म्हणजे १, म्हणून एक तास. १० वजा साडेनऊ म्हणजे अर्धा, म्हणून दोन तास. उरलेली मोकळीक शून्याकडे जाऊ लागली, की वाट बघण्याला अंत राहत नाही.

मग रांग लागते कशामुळे? नुसत्या गर्दीमुळे नाही, तर अनियमितपणामुळे. दर साडेसहा मिनिटांनी बरोबर एक डबा आला असता आणि प्रत्येक डबा बरोबर ६ मिनिटांत दळून झाला असता, तर कुणालाच थांबावं लागलं नसतं. पण सकाळी दहा मिनिटं कुणी फिरकत नाही आणि मग एकदम चार डबे येतात. रिकामी गेलेली दहा मिनिटं गिरणीला साठवून ठेवता येत नाहीत. सगळे डबे सारख्या आकाराचे असले आणि फक्त येण्याची वेळ बेभरवशाची असली, तर ९ डब्यांच्या हिशोबात एक तासाऐवजी ३३ मिनिटं लागतात. म्हणजे गिरणी तीच आणि डबेही तेवढेच, तरी नुसते डबे एकसारखे झाल्याने वेळ जवळपास निम्मा झाला.

मोबाइल नेटवर्कमध्ये डब्याच्या जागी असतं डेटाचं पॅकेट किंवा फोन कॉल आणि गिरणीच्या जागी टॉवर, राउटर किंवा केबल. गणित तेच.

सुरुवात एका खेड्याच्या एक्स्चेंजपासून

हे गणित पहिल्यांदा नीट मांडलं डेन्मार्कच्या आग्नेर क्रारूप एरलांग यांनी. ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला होते. कंपनीपुढचा प्रश्न साधा आणि पैशांचा होता. गावातल्या लोकांना बाहेर फोन करायला किती लाइन द्यायच्या? प्रत्येकाला एक दिली तर कंपनी बुडणार आणि फार कमी दिल्या तर गिऱ्हाईक वैतागणार.

१९०९ साली एरलांग यांनी दाखवलं, की फोन येण्याच्या वेळा ‘पॉयसाँ वितरण’ या नियमाने चालतात. म्हणजे एक एक फोन कधी येईल हे सांगता येत नाही, पण सगळे मिळून किती येतील याची शक्यता नेमकी मांडता येते. १९१७ साली त्यांनी दोन सूत्रं दिली. सगळ्या लाइन भरल्या असताना फोन थेट कापला जात असेल तर एक, आणि तो थांबून राहत असेल तर दुसरं. पहिल्याला आज एरलांग-बी आणि दुसऱ्याला एरलांग-सी म्हणतात. कॉल सेंटरमध्ये किती माणसं बसवायची, हे आजही एरलांग-सी वापरून ठरतं.

फोनची वर्दळ मोजायच्या एककालाही पुढे त्यांचंच नाव मिळालं. एक लाइन तासभर सलग वापरात राहिली, की तो झाला १ एरलांग.

आता मालेच्या टॉवरचा हिशोब

समजा, अशा एखाद्या गावात टू-जीचा टॉवर आहे. जीएसएम तंत्रात एका वाहक लहरीचे ८ काळाचे तुकडे पडतात. त्यातला एक नियंत्रणासाठी गेला, तर बोलण्यासाठी उरल्या ७ वाटा. गर्दीच्या तासात एक ग्राहक सरासरी ९० सेकंद बोलतो, असं धरू. १०० पैकी फार तर २ कॉल नाकारले गेले तर चालेल, अशी अट ठेवू. ही अट हवेतली नाही. ट्रायच्या २००९ च्या सेवा-गुणवत्ता नियमांत बोलण्याच्या चॅनेलची कोंडी २ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं होतं.

एरलांग-बी सांगतं, की ७ वाटांवर २.९४ एरलांग एवढीच वर्दळ पेलते. म्हणजे साधारण ११७ ग्राहक. वाटा दुप्पट करून १४ केल्या तर ८.२ एरलांग, म्हणजे ३२८ ग्राहक. ३० वाटा दिल्या तर २१.९ एरलांग, म्हणजे ८७५ च्या आसपास.

वाटा दुप्पट झाल्या, तर ग्राहक जवळपास तिप्पट झाले. मोठा साठा एकत्र ठेवला की तो जास्त कार्यक्षम होतो. बँकेत पाच खिडक्यांना पाच रांगा करण्याऐवजी एकच रांग आणि टोकन का देतात, त्याचं उत्तरही हेच. लहान गावाचा टॉवर कंपनीला महाग का पडतो, तेही यातून कळतं. ७ वाटांच्या टॉवरवर प्रत्येक वाट सरासरी ४१ टक्केच वापरात असते, ३० वाटांच्या टॉवरवर ७२ टक्के. गाव लहान असल्याची किंमत गणितातच लिहिलेली आहे.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि ती सहसा कुणी सांगत नाही. रविवारी पर्यटक आले आणि वर्दळ दुप्पट झाली तर काय? ७ वाटांच्या टॉवरवर नाकारले जाणारे कॉल २ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर जातात. १४ वाटांच्या टॉवरवर मात्र ते थेट २७ टक्क्यांवर जातात. म्हणजे जो टॉवर रोजच्या दिवशी जास्त कार्यक्षम होता, तोच गर्दीत जास्त कोसळला. कार्यक्षम म्हणजे मोकळी जागा कमी ठेवलेला, आणि मोकळी जागा कमी म्हणजे धक्का सोसायची ताकद कमी.

त्यात एरलांग-बी एक गोष्ट गृहीत धरतं, की फोन लागला नाही तर माणूस गप्प घरी जातो. असं कोण करतं? माणूस लगेच रिडायल करतो. चार वेळा, पाच वेळा. त्या प्रत्येक प्रयत्नाचा भार पुन्हा टॉवरवरच पडतो. अशा परत परत येणाऱ्या कॉलसाठी ‘रिट्रायल क्यू’ नावाची वेगळी गणितं पुढे तयार झाली. व्यवहारात त्याचा अर्थ, की वर दिलेले २७ टक्के हा चांगल्यात चांगला अंदाज आहे.

फोर-जीमध्ये बोलण्याच्या अशा बांधीव वाटा नसतात. टॉवर दर मिलिसेकंदाला ठरवतो, की हवेतले तुकडे कुणाला द्यायचे. १० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असे ५० तुकडे असतात आणि सगळे मोबाइल त्यातच वाटून घेतात. इथे मुळशीच्या डोंगरांचा संबंध येतो. टॉवरसमोर उभ्या असलेल्या माणसाला एक फोटो पाठवायला थोडे तुकडे पुरतात. डोंगराआड, रेंजच्या कडेला असलेल्या माणसाला तोच फोटो पाठवायला कित्येक पट जास्त तुकडे लागतात. गिरणीच्या भाषेत त्याचा डबा मोठा आहे. तो एकटा हळू चालत नाही, त्याच्यामागे सगळी रांग हळू होते. फेलिक्स पोलाचेक आणि अलेक्झांडर खिंचिन यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच सूत्रात बसवलं होतं. सरासरी काम तेवढंच असलं तरी कामाच्या आकारात जेवढी तफावत जास्त, तेवढी रांग लांब.

ट्रंक कॉल आठवतोय?

घरातल्या आजी-आजोबांना विचारलं, तर ते ट्रंक कॉलच्या गोष्टी सांगतील. दुसऱ्या गावी बोलायचं तर एक्स्चेंजला नंबर द्यायचा आणि घरी वाट बघत बसायचं. त्यात ऑर्डिनरी, अर्जंट आणि लायटनिंग असे प्रकार. लायटनिंगला पैसे कित्येक पट, पण नंबर लगेच. रांगांच्या गणितात याला अग्रक्रमाची रांग म्हणतात.

आजच्या नेटवर्कमध्येही ती आहे. फोर-जीवरच्या बोलण्याची पॅकेट्स व्हिडिओच्या पॅकेट्सच्या पुढे काढली जातात, कारण बोलणं अर्धा सेकंद अडलं तरी संभाषण तुटतं, व्हिडिओ मात्र आधी थोडा साठवून ठेवता येतो. दोघांना बोलताना अडखळल्यासारखं वाटू नये यासाठी आवाज एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे.

पण अग्रक्रम देऊन रांग कमी होते का? लेनर्ड क्लाइनरॉक यांनी १९६५ साली सिद्ध केलेला एक नियम याचं उत्तर देतो. काम तेवढंच आणि यंत्र तेवढंच असेल, तर अग्रक्रम फक्त थांबण्याची वाटणी बदलतो. एकाचा वेळ वाचला की तो दुसऱ्या कुणाच्या तरी माथी बसतो. ‘प्रीमियम’ ग्राहकांना वेगळा वेग देण्याच्या जाहिराती बघताना हा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. क्षमता न वाढवता कुणाला तरी पुढे काढलं, तर दुसरं कुणीतरी मागे गेलेलंच असतं.

तारेपासून पॅकेटपर्यंत

फोनमध्ये दोन माणसांच्या मध्ये एक वाट पूर्ण वेळ राखून ठेवली जायची. इंटरनेटने ती पद्धत सोडली. माहितीचे लहान तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता लिहायचा, आणि वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर तो तुकडा घेऊन, रांगेत ठेवून, पुढे पाठवायचा. कल्पना अगदी नवीन नव्हती. तार ऑफिसमध्ये हेच होत असे. तारा एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात आपला नंबर यायची वाट बघत पुढे सरकत. भारतातली तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

नवीन होतं ते गणित. क्लाइनरॉक यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीमध्ये पीएचडी करताना थांबत-थांबत जाणाऱ्या संदेशांच्या जाळ्यात किती उशीर होईल, याचा हिशोब मांडला. १९६९ साली ऑक्टोबरमध्ये अर्पानेटवरचा पहिला संदेश त्यांच्याच प्रयोगशाळेतून गेला. पॅकेट पद्धतीचं श्रेय पॉल बॅरन आणि डोनाल्ड डेव्हिस यांनाही जातं आणि त्यावरून वादही बराच झाला. पण हे जाळं प्रत्यक्षात चालेल की तुंबेल, याचं गणित क्लाइनरॉक यांनी मांडलं, यात शंका नाही.

गिरणीचं सूत्र एका खऱ्या केबलला लावून बघू. १०० एमबीपीएसची लाइन आहे. १,५०० बाइटचं एक पॅकेट त्यावरून जायला ०.१२ मिलिसेकंद लागतं. लाइन ५० टक्के भरली असेल तर रांगेसकट ०.२४ मिलिसेकंद, ९० टक्क्यांना १.२ आणि ९९ टक्क्यांना १२ मिलिसेकंद. एका थांब्यावर १२ हे कमी वाटतं. पण असे दहा थांबे लागले, तर १२० होतात आणि १५० ची मर्यादा जवळ येते. म्हणून लाइन शंभर टक्के भरायची वाट न बघता, ७०-८० टक्क्यांवर गेली की ती वाढवायला घेणं शहाणपणाचं ठरतं. गावोगावच्या ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडणाऱ्या भारतनेटसारख्या योजनेत एकाच फायबरवर अनेक जण वाटेकरी असतात, तिथेही हाच आकडा बघावा लागतो.

आणखी एक नियम इतका सोपा आहे, की तो सिद्ध करायला १९६१ साल उजाडलं याचं नवल वाटतं. जॉन लिटल यांचा नियम सांगतो, की रांगेतली सरासरी माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा सरासरी वेळ. आषाढीला पंढरपूरच्या दर्शनबारीत समजा ३६,००० वारकरी उभे आहेत आणि तासाला २,४०० जणांचं दर्शन होतंय. तर शेवटच्या माणसाला १५ तास लागणार. रांग मंडपातून वळवली काय किंवा पुलावरून नेली काय, आकडा बदलत नाही. नेटवर्क अभियंते हाच नियम उलटा वापरतात. राउटरमध्ये किती पॅकेट्स साठली आहेत हे मोजलं, की प्रत्येकाला किती उशीर होतोय हे घड्याळ न लावता कळतं. डबे एका ठरावीक नियमानेच यायला हवेत, अशी अटही या नियमाला नाही. लांब मुदतीच्या सरासऱ्या स्थिर असल्या की पुरे.

अडलंय नेमकं कुठे?

टॉवर म्हणजे काही शेवटचा थांबा नाही. मोबाइल ते टॉवर ही एक रांग, टॉवरपासून शहराकडे जाणारी केबल किंवा मायक्रोवेव्ह ही दुसरी, पुढे राउटर, सर्व्हर, अशा रांगांमागून रांगा. जेम्स जॅक्सन यांनी १९५७ साली अशा जोडलेल्या रांगांचं गणित सोडवलं. काही अटी पाळल्या गेल्या, तर प्रत्येक रांग वेगळी धरून हिशोब करता येतो, असं त्यांनी दाखवलं. मग सगळ्यात जास्त भरलेली रांग शोधायची. बाकीच्या सुधारून फारसा उपयोग होत नाही.

मुळशीला जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नवीन पुलाचं उद्घाटन झालं. चौक मोकळा झाला, पण पुढे भूगावच्या अरुंद रस्त्यावर गाड्या तुंबतातच. टॉवरवर नवीन अँटेना बसवून मागची केबल तीच ठेवली, तर नेटचंही असंच भूगाव होतं.

सूत्र कुठे फसतं?

एरलांग यांच्या काळात फोन करणारी माणसं एकमेकांना विचारून फोन करत नव्हती. इंटरनेटवर तसं नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेलकोर या संस्थेत विल लेलँड आणि सहकाऱ्यांनी इथरनेटवरची खरी वर्दळ मोजली. पॉयसाँच्या नियमाने बघितलं तर एका सेकंदातले चढउतार मिनिटभराच्या सरासरीत विरून जायला हवे होते. ते विरलेच नाहीत. सेकंद घ्या, मिनिट घ्या, तास घ्या, आलेख सारखाच खडबडीत दिसत होता. १९९३-९४ साली हे प्रसिद्ध झालं आणि नेटवर्कचं मूल्यमापन करणाऱ्यांना जुने हिशोब पुन्हा तपासावे लागले. अशा झुंडीने येणाऱ्या वर्दळीत रांगा सूत्राने सांगितल्यापेक्षा बऱ्याच लांब होतात.

याचं टोकाचं उदाहरण महाराष्ट्रात दरवर्षी दिसतं. दहावी-बारावीचा निकाल. समजा, एक सर्व्हर सेकंदाला १,००० जणांना निकाल दाखवू शकतो आणि दिवसभरात १५ लाख जण येणार आहेत. दिवसाची सरासरी काढली तर सेकंदाला जेमतेम १७ जण होतात. सर्व्हर म्हणजे झोपाच काढणार! पण निकाल लागतो एका ठरलेल्या वेळी, आणि ते १५ लाख जण पहिल्या दहा मिनिटांत येतात. म्हणजे सेकंदाला २,५००. दहा मिनिटांत ६ लाखांचं काम होतं, ९ लाख जण तसेच राहतात. त्यानंतर एकही नवीन माणूस आला नाही, तरी रांग संपायला आणखी १५ मिनिटं लागतात. आणि घरोघरी रिफ्रेशचं बटण दाबणं तर चालूच असतं. सकाळी तात्काळ तिकिटाची खिडकी उघडते तेव्हाही हेच घडतं. इथे सरासरी हा शब्दच निरुपयोगी आहे.

सगळेच पुन्हा पुन्हा पाठवू लागले तर काय होतं, हे ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात दिसलं. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्डांचं. त्या दोघांमधला वेग सेकंदाला ३२,००० बिट्सवरून ४० बिट्सवर आला. हरवलेली पॅकेट्स प्रत्येक कॉम्प्युटर पुन्हा पाठवत होता आणि लाइन त्याच त्या पॅकेट्सनी भरली होती. मग व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली उपाय मांडला. पॅकेट हरवलं, की समजायचं पुढे गर्दी आहे आणि आपला वेग आपणच कमी करायचा. आज इंटरनेट कोसळत नाही, त्यात या आपणहून मागे सरण्याचा मोठा वाटा आहे.

उलट बाजूची चूकही झालीच. पॅकेट हरवू नये म्हणून कंपन्यांनी राउटरमध्ये मोठमोठी साठवण द्यायला सुरुवात केली. गिरणीचा ओटा वाढवला म्हणून दळण लवकर होत नाही, फक्त जास्त डबे थांबतात. २ एमबीपीएसच्या अपलोडवर १ एमबीची साठवण भरली, तर शेवटच्या पॅकेटला ४ सेकंद थांबावं लागतं. घरात कुणी व्हिडिओ अपलोड करायला लावला, की दुसऱ्याचा ऑनलाइन क्लास अडकतो, तो बहुतेकदा यामुळे. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या दुखण्याला ‘बफरब्लोट’ असं नाव दिलं. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी त्यावर ‘कोडेल’ नावाची पद्धत आणली. पॅकेट ५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ सतत रांगेत राहू लागली, की काही मुद्दाम टाकून द्यायची, म्हणजे पाठवणारा हळू होतो.

धरणाचं आणि राउटरचं एकच गणित

मालेजवळचं मुळशी धरणही या विषयाशी जोडलेलं आहे. ज्याच्या विरोधात १९२१ साली मुळशी सत्याग्रह झाला, ते हे टाटांचं धरण. पाऊस आपल्या मर्जीने येतो, म्हणजे डबे आले. पाणी बोगद्यातून सह्याद्रीपलीकडे भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे ठरावीक वेगाने सोडलं जातं, म्हणजे गिरणी. जलाशय भरला की पाणी सांडव्यावरून वाहून जातं, म्हणजे टाकून दिलेली पॅकेट्स. ही नुसती उपमा नाही. ऑस्ट्रेलियात पॅट्रिक मोरान यांनी १९५४ साली धरणांच्या साठ्याचं गणित मांडलं आणि ते रांगांच्या गणिताचंच भावंड निघालं.

ही दोन्ही गणितं एकत्र आणणाऱ्यांतलं मोठं नाव भारतीय आहे. नरहरी उमानाथ प्रभू. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात शिकवून ते पुढे ऑस्ट्रेलियात आणि तिथून अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात गेले. रांगा, विमा आणि धरणं या तिन्हींचा एकत्र विचार करणारं त्यांचं पुस्तक १९८० साली आलं. या विषयाला वाहिलेलं ‘क्यूइंग सिस्टिम्स’ हे नियतकालिक १९८६ साली सुरू झालं, त्याचे ते संस्थापक संपादक.

शिकायचं असेल तर

बारावीची संभाव्यता पक्की असली, की सुरुवात करता येते. आधी पॉयसाँ वितरण, मग एक खिडकी-एक रांग हे सगळ्यात सोपं प्रारूप. पुस्तकांत ते ‘एम/एम/१’ असं लिहिलेलं दिसेल. ही खूण डेव्हिड केंडॉल यांची, १९५३ ची. पहिलं अक्षर डबे कसे येतात ते सांगतं, दुसरं दळायला किती वेळ लागतो ते, आणि शेवटचा आकडा गिरण्या किती ते. क्लाइनरॉक यांचे १९७५-७६ चे दोन खंड आजही वाचले जातात. गुवाहाटीचे ज्योतिप्रसाद मेधी यांचं रांगांच्या प्रारूपांवरचं पुस्तक भारतीय विद्यार्थ्यांना जवळचं वाटतं. नेटवर्कच्या अंगाने जायचं असेल, तर अनुराग कुमार, आयआयटी मुंबईचे डी. मंजुनाथ आणि जॉय कुरी यांनी मिळून लिहिलेलं २००४ चं पुस्तक आहे. ते मात्र इंजिनिअरिंगची शेवटची वर्षं किंवा एमटेकसाठी.

सूत्र जिथे थकतं, तिथे सिम्युलेशन करावं लागतं. एनएस-३ हे मोफत सॉफ्टवेअर नेटवर्कसाठीच बनलेलं आहे, आणि पायथन येत असेल तर सिमपायमध्ये पन्नास ओळींत गिरणी उभी राहते. पहिला धडा म्हणून आधी सूत्राने येणारा आकडा काढावा आणि मग सिम्युलेशन त्याच्या जवळ येतंय का, ते बघावं. ते जुळत नसेल तर चूक बहुतेक वेळा प्रोग्रॅममध्ये असते.

प्रत्यक्ष मोजायला तर फक्त ‘पिंग’ पुरतं. मालेसारख्या ठिकाणाहून मुंबईतल्या एखाद्या सर्व्हरला दर मिनिटाला पिंग पाठवत आठवडा काढायचा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे २०० किलोमीटरच्या वाटेला जाऊन-येऊन २ मिलिसेकंदच लागतात. त्यात मोबाइल आणि टॉवरमधल्या देवाणघेवाणीचे काही मिलिसेकंद भरतात. समजा, पहाटे तीनला पिंग ४० आला आणि रविवारी दुपारी ४००. मुंबई काही लांब गेलेली नसते, मधले ३६० हे जवळपास सगळे रांगेतले आहेत. फक्त आठवड्याची सरासरी काढून थांबायचं नाही. आठवड्यात १०,०८० पिंग होतात आणि रविवारच्या गर्दीचे तीन तास म्हणजे त्यातले केवळ १८०. बाकी सगळे ४० आणि हे १८० पिंग ४०० धरले, तरी सरासरी ४६ च्या आसपासच येते. त्यामुळे रविवारचा आलेख वेगळा काढायचा, आणि १०० पैकी ५ सगळ्यात वाईट पिंग किती होते, तो आकडा बाजूला लिहून ठेवायचा.